मराठी बालरंगभूमी : शाळा, वस्ती आणि नाट्यगृह

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सादर केलेल्या ‘सीतास्वयंवरा’पासून संगीत नाटक, सामाजिक नाटक, प्रायोगिक नाटक असा क्रम लावला जातो आणि त्या क्रमात मुलांच्या नाटकाला बहुधा एखाद्या परिच्छेदापुरतीच जागा मिळते. बालरंगभूमी म्हणजे मुलांना प्रेक्षक मानून, त्यांच्या वयाला, भाषेला आणि कल्पनाशक्तीला अनुसरून लिहिलेल्या व सादर केलेल्या नाटकांची रंगभूमी. तिच्यात काम करणारे नट लहान असोत वा मोठे. मुलांनी केलेले नाटक आणि मुलांसाठी केलेले नाटक या दोन वेगळ्या गोष्टी असून, पहिली मराठीत फार जुनी आहे, तर दुसरीने संघटित रूप धारण करायला भाव्यांच्या त्या प्रयोगानंतर शतकाहून अधिक काळ जावा लागला. या दोन्हींचा एकत्र इतिहास पाहिला म्हणजे असे दिसते की, बालरंगभूमी तिकीटविक्रीच्या बळावर क्वचितच तगली. तिला जगवले ते शाळांतील शिक्षकांनी, वस्त्यांतील मंडळांनी, हौशी संस्थांनी आणि आपल्या मुलांना तालमीला नेऊन पोचवणाऱ्या पालकांनी. म्हणूनच तिचा विचार नाट्यप्रकार म्हणून करावा लागतो, तसाच स्थानिक समाजजीवनाचे एक अंग म्हणूनही करावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी नाटक मंडळ्यांमध्ये लहान मुलांची भरती सर्रास होत असे. त्या काळी स्त्रिया रंगभूमीवर येत नसल्यामुळे स्त्रीभूमिकांसाठी कोवळ्या आवाजाची, नाजूक चेहऱ्याची मुले हवी असत, आणि गरीब घरातील गोड गळ्याचा मुलगा कंपनीत दाखल झाला की त्याच्या पोटापाण्याची सोय होऊन शिवाय संगीताची तालीमही मिळे. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ हे १८९९ साली रंगभूमीवर आलेले नाटक या व्यवस्थेतला अंतर्विरोध फार स्पष्टपणे दाखवते. पैशाच्या लोभाने कोवळ्या मुलीचा विवाह म्हाताऱ्याशी लावून देण्याच्या रूढीवर ते नाटक बेतलेले होते, म्हणजे बालकाची दु:स्थिती हाच त्याचा विषय होता. पुढे ‘ललितकलादर्श’ ही मंडळी स्थापन करणारे केशवराव भोसले यांनी बालवयातच शारदेची भूमिका करून नाव मिळवले. मात्र समोर बसलेला प्रेक्षक आणि नाटकाचा उद्देश दोन्ही प्रौढांचे होते. रंगमंचावर मूल होते, प्रेक्षागृहातल्या मुलाचा विचार करणारे कोणी नव्हते.

हीच गोष्ट पुढे बालनटांच्या मंडळ्यांमध्येही दिसते. दामुअण्णा जोशी यांच्या बालमोहन संगीत मंडळीत सौदागर गोरे, म्हणजे पुढे छोटा गंधर्व म्हणून गाजलेले गायकनट, यांच्यासारखी मुले वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास दाखल झाली आणि तेथेच वाढली. याच मंडळीने १९३३ साली आचार्य अत्रे यांचे ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आणले आणि विनोदी नाटकाच्या इतिहासात आपले स्थान पक्के केले. मंडळीच्या नावात ‘बाल’ असले तरी तिची नाटके मोठ्यांसाठी होती. मुलांच्या अंगची नक्कल करण्याची, पाठांतराची आणि गाण्याची शक्ती मराठी नाट्यव्यवसायाने ओळखली होती आणि वापरलीही होती. परंतु त्या शक्तीचा लाभ मुलांना स्वतःच्या आनंदासाठी व्हावा, ही दृष्टी व्यवसायाबाहेर, म्हणजे उत्सवात आणि शाळेत, तयार झाली.

उत्सवाकडून आलेला वारसा मेळ्यांचा होता. मेळा म्हणजे गणेशोत्सवात वस्तीवस्तीतून उभे राहणारे, पद्ये, संवाद आणि छोटे प्रवेश सादर करणारे पथक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने मूळ धरल्यानंतर असे मेळे मोठ्या संख्येने निघाले आणि शाळकरी मुले हा त्यांचा मुख्य आधार होता. मेळ्यांच्या पदांतील राजकीय आशयामुळे ब्रिटिश सरकारने त्यांच्यावर निर्बंधही आणले. पण या पथकांनी रुजवलेली सवय टिकली. पेठेतल्या किंवा चाळीतल्या मुलांनी महिनाभर आधी जमायचे, एखाद्या जाणत्या माणसाने त्यांना गाणी व हालचाली बसवून द्यायच्या, कोणा बाईंनी कपड्यांची सोय करायची आणि दहा दिवसांतल्या एका रात्री साऱ्या वस्तीने ते पाहायचे, असा हा रिवाज होता. पुढच्या पिढ्यांत गणेशोत्सवाच्या मांडवात मुलांच्या एकांकिका, म्हणजे एकाच अंकात संपणारी छोटी नाटके, होऊ लागल्या, त्या याच रिवाजाच्या पायावर. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी कुटुंबांनीही महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवांतून हाच प्रघात जपला, कारण परमुलखात वाढणाऱ्या मुलांना मराठी बोलते ठेवण्याचा तो सहज उपाय होता.

शाळेकडून आलेला वारसा स्नेहसंमेलनाचा होता. वर्षातून एकदा भरणाऱ्या या समारंभात प्रौढांच्या नाटकांतील प्रवेश मुलांकडून करून घेण्याची पद्धत होती. त्यात मुलांच्या वयाला न शोभणारी भाषा आणि भावना येत. पुण्यातील कॅम्प भागातल्या शाळेत मुख्याध्यापक असलेल्या आचार्य अत्र्यांनी ही अडचण जाणून ‘गुरुदक्षिणा’, ‘वीरवचन’ यांसारखी नाटके खास विद्यार्थ्यांसाठी लिहिली. व्यावसायिक रंगभूमीवर प्रचंड यश मिळवण्यापूर्वी अत्र्यांची लेखणी शाळेच्या रंगमंचासाठी चालली होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पुण्यातच शिक्षक असलेल्या शंकर काशीनाथ गर्गे, अर्थात ‘दिवाकर’, यांनी १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. नाट्यछटा म्हणजे एकाच पात्राने बोललेला, पण समोर दुसरी पात्रे आहेत असा भास निर्माण करणारा लहानसा नाट्यप्रसंग. दिवाकरांनी त्या मुलांसाठी लिहिल्या नव्हत्या. त्यांतील ढोंग आणि दु:ख प्रौढ जगाचे होते. तरीही एकट्याने उभे राहून, नेपथ्याशिवाय, केवळ वाणी आणि मुद्रा यांच्या बळावर सादर करता येणारा हा प्रकार शाळांना इतका सोयीचा ठरला की, आजही पुण्यात नाट्यछटा स्पर्धांमधून मुले पहिल्यांदा रंगमंचावर पाऊल ठेवतात आणि त्यांच्यासाठी नव्या नाट्यछटा लिहिल्या जातात.

स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी आणि कलापथकाने गाणी, नृत्ये व छोट्या नाटिकांतून मुलांच्या गटांना सामाजिक आशयाशी जोडले. पु. ल. देशपांडे यांनी ‘वयं मोठं खोटम्’ आणि ‘नवे गोकुळ’ ही बालनाट्ये लिहून मोठ्यांच्या जगाकडे मुलांच्या नजरेने पाहण्याची वाट दाखवली. नाटके लिहिली जात होती, करणारी मुले होती, पाहणारी वस्ती होती. उणीव होती ती सातत्याने मुलांसाठीच नाटके निर्माण करणाऱ्या, त्यांना मोठ्यांच्या नाटकांइतकेच नेपथ्य, प्रकाशयोजना आणि संगीत देणाऱ्या संस्थेची.

ती उणीव सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये भरून काढली. त्यांचे वडील तात्या आमोणकर हे गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यकार्यात वावरणारे असल्यामुळे नाटकाचे वातावरण त्यांना घरातच लाभले होते. अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून परतल्यावर त्यांनी ‘लिटल थिएटर’ अर्थात ‘बालरंगभूमी’ ही संस्था सुरू केली आणि तिचे पहिले नाटक म्हणून ‘मधुमंजिरी’ सादर केले. त्याचे लेखक रत्नाकर मतकरी त्या वेळी अवघे विशीत होते. मुलांना खरीखुरी वाटेल अशी जादू, डोळ्यांत भरणारी वेशभूषा, ठसकेबाज चेटकीण, गाणी आणि नृत्ये यांनी सजलेल्या या नाटकाने एक नवा पायंडा पाडला. शाळेच्या मोकळ्या सभागृहात पडदे टांगून होणारे नाटक आणि पूर्ण रंगसामग्रीनिशी नाट्यगृहात होणारे नाटक यांतला फरक मुलांनी प्रथमच अनुभवला. त्यानंतर ‘कळलाव्या कांद्याची कहाणी’, ‘चिनी बदाम’ अशी नाटके या संस्थेने केली. मुलांच्या नाटकात काहीतरी थातूरमातूर चालते, हा समज सुधाताईंनी स्वतःच्या दिग्दर्शनातून आणि अभिनयातून खोडून काढला. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या भक्ती बर्वे यांनी पुढे मराठी रंगभूमीवर जे कर्तृत्व गाजवले, ते या शिस्तीचेच फलित म्हणावे लागेल.

रत्नाकर मतकरी यांनी १९६२ मध्ये पत्नी प्रतिभा मतकरी यांच्या साथीने ‘बालनाट्य’ ही स्वतंत्र संस्था उभी केली. बँकेतील नोकरी सांभाळून, पदरमोड करून चालवलेल्या या संस्थेने ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’, ‘अचाट गावची अफाट मावशी’, ‘राक्षसराज झिंदाबाद’, ‘इंद्राचं आसन नारदाची शेंडी’ अशी नाटके दिली. मतकरींच्या बालनाट्यांची शक्ती त्यांच्या रचनेत आहे. गोष्ट वेगाने पुढे सरकते, प्रत्येक पात्राला बोलण्याची एक लकब असते, ती लकब मुले नाट्यगृहातून बाहेर पडतानाच उचलतात, आणि खलपात्र भयावह असले तरी ते इतके गमतीदार असते की लहानात लहान प्रेक्षकही भीती आणि हसू यांच्या सीमेवर रमून जातो. ‘अलबत्या गलबत्या’मधील चिंची चेटकीण हे याचे ठळक उदाहरण, दिलीप प्रभावळकर यांनी ती भूमिका साकारली आणि पुरुष नटाने चेटकीण करण्याची परंपराच त्या नाटकापुरती रूढ झाली. मोठ्यांसाठी गूढकथा, सामाजिक नाटके आणि वृत्तपत्रीय लेखन विपुल करणाऱ्या लेखकाने आयुष्याची दीर्घ वर्षे मुलांच्या नाटकांना द्यावीत, याचे मराठीत दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

या संस्थांचे व्यवहार कसे चालत, हे पाहिल्याशिवाय बालरंगभूमीचे वस्तीशी असलेले नाते नीट ध्यानात येत नाही. नाट्यगृहांतील दुपारच्या आणि रात्रीच्या वेळा व्यावसायिक नाटकांकडे असत, त्यामुळे बालनाट्याच्या वाट्याला सकाळची वेळ आली. सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलांचे नाटक, ही मुंबई-पुण्याच्या मराठी कुटुंबांची कित्येक वर्षांची रीत यातूनच तयार झाली. हंगाम दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांपुरता मर्यादित असे, कारण परीक्षांच्या दिवसांत ना नट मिळत ना प्रेक्षक. नाटकात पात्रे भरपूर, नेपथ्य आणि कपडे खर्चिक, पण तिकीट स्वस्त ठेवणे भाग, असे हे गणित असल्यामुळे उत्पन्न आणि खर्च यांचा मेळ फारसा बसत नसे. ही तूट भरून निघे ती श्रमाने: शाळेचा वर्ग संध्याकाळी तालमीसाठी मोकळा करून देणारे मुख्याध्यापक, मुलांचे मुकुट आणि शेपट्या घरी शिवणाऱ्या आया, विनामोबदला प्रकाशयोजना सांभाळणारे हौशी तंत्रज्ञ आणि विद्यार्थ्यांना रांगेने नाट्यगृहात घेऊन येणारे शिक्षक. एखाद्या नाटकात वीस मुले असतील तर वीस घरे त्या नाटकात गुंतत, त्यांचे शेजारी आणि नातेवाईक प्रेक्षागृहात बसत आणि एकाच वस्तीत नट, निर्माता व प्रेक्षक असे तिन्ही घटक एकत्र नांदत.

छापील संहितांनी या कामाला मोठा विस्तार दिला. मुंबई-पुण्यात गाजलेले बालनाट्य पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले की ते जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतील शाळांपर्यंत पोचे. तेथील शिक्षक प्रयोगाची परवानगी घेऊन ते स्नेहसंमेलनात किंवा गणेशोत्सवात बसवत. ज्या गावात नाट्यगृह नव्हते, तेथेही अशा रीतीने राक्षस, राजपुत्र आणि चेटकीण जाऊन पोचली. ठाण्यात नरेंद्र बल्लाळ आणि कुमुद बल्लाळ यांनी ‘नवल रंगभूमी’ चालवली, पुण्यात भालबा केळकर, श्रीधर राजगुरू आणि सई परांजपे यांनी मुलांसाठी लेखन-दिग्दर्शन केले. सई परांजपे यांची ‘पत्ते नगरीत’ आणि ‘शेपटीचा शाप’ ही नाटके कल्पकतेसाठी आजही स्मरली जातात. वंदना विटणकर यांनी ‘टिमटिम टिंबू बम बम बगडम’सारख्या नाटकांनी गीतमय बालनाट्याची परंपरा पुढे नेली. मराठी बालरंगभूमी एका शहराची वा एका संस्थेची मिरास राहिली नाही, यामागे या विखुरलेल्या केंद्रांचे कष्ट आहेत.

दादर येथील छबिलदास शाळा हे असेच एक केंद्र होते आणि तेथे बालरंगभूमीला वेगळे वळण मिळाले. सुलभा देशपांडे त्या शाळेत शिक्षिका होत्या आणि विद्यार्थ्यांबरोबर त्या नाटके करत. विजय तेंडुलकर यांनी ‘इथे बाळे मिळतात’, ‘चिमणा बांधतो बंगला’, ‘पाटलाच्या पोरीचं लगीन’, ‘राजाराणीला घाम हवा’ अशी बालनाट्ये लिहिली, त्यांत परीकथेचा बाज असला तरी श्रम, खोटी प्रतिष्ठा आणि मोठ्यांचा दुटप्पीपणा हे विषय मुलांच्या आवाक्यात आणण्याचा प्रयत्न होता. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ ही संस्था स्थापन केली. छबिलदासच्या सभागृहात तिने चालवलेली रंगभूमी मराठी प्रायोगिक नाटकाचे माहेरघर ठरली. याच संस्थेच्या ‘चंद्रशाला’ या बालविभागाने ‘दुर्गा झाली गौरी’ हे माधव साखरदांडे लिखित नृत्यनाट्य केले. मोठ्या संख्येने मुलांना सामावून घेणाऱ्या या नाटकाचे प्रयोग वर्षानुवर्षे होत राहिले. एका पिढीतील मुले मोठी होऊन बाहेर पडली की त्यांच्या जागी नवी मुले येत, आणि जुनी मुले नव्यांना शिकवत. नाटकाची संहिता तीच, पण करणारा समुदाय सतत नवा होत जाणारा, अशी ही शाळाच होती. नृत्य, सामूहिक हालचाल आणि वृंदगायन यांमुळे त्यात मुख्य भूमिका आणि किरकोळ भूमिका हा भेद सौम्य झाला, ही त्याची शैक्षणिक दृष्टीने फार मोलाची बाजू होय.

चेटकीण आणि राक्षस यांच्या गोष्टींनी मुलांना खऱ्या जगापासून दूर नेले जाते काय, हा प्रश्न १९७० नंतर अधिक आग्रहाने विचारला जाऊ लागला. त्याचे एक उत्तर पुण्यात १९८० च्या दशकाच्या मध्यावर ‘ग्रिप्स’च्या रूपाने आले. ग्रिप्स हे बर्लिनमधील फोल्कर लुडविग यांनी उभारलेले बालनाट्यगृह. आजच्या मुलांना घरात, शाळेत आणि रस्त्यावर भेडसावणारे प्रश्न विनोद आणि गाणी यांच्या आधारे मांडणे, मुलांच्या भूमिका प्रौढ नटांनी करणे आणि नाटकाच्या शेवटी उपदेश न करता मुलांना विचार करायला लावणे, ही त्याची वैशिष्ट्ये. ‘घाशीराम कोतवाल’च्या परदेश दौऱ्यांमुळे जर्मन रंगभूमीशी संबंध आलेले अभिनेते आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांनी ही शैली मराठीत आणण्यासाठी पुढाकार घेतला, श्रीरंग गोडबोले यांनी मराठी रूपांतरे केली आणि ‘छान छोटे वाईट्ट मोठे’, ‘नको रे बाबा’, ‘पण आम्हाला खेळायचंय’ अशी नाटके पुण्यात होऊ लागली. आईवडिलांची भांडणे, खेळायला नसलेली जागा, मुलगा आणि मुलगी यांत केला जाणारा भेद, मोठ्यांची दमदाटी हे विषय मराठी बालनाट्यात प्रथमच मध्यवर्ती झाले.

ग्रिप्सच्या आगमनाने परीकथात्मक नाटक कालबाह्य ठरले, असे मात्र म्हणता येत नाही. चेटकिणीवर मात करणारा अलबत्या आणि घरातल्या अन्यायाला प्रश्न विचारणारा ग्रिप्समधला मुलगा हे दोघेही दुबळ्या वाटणाऱ्या मुलाच्या अंगी असलेल्या सामर्थ्याची गोष्ट सांगतात. एकात ती रूपकाने येते, दुसऱ्यात ती सरळ येते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला पहिली वाट अधिक जवळची असते आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला दुसरी. बालरंगभूमीला दोन्हींची गरज आहे, आणि या दोन प्रवाहांनी एकमेकांना दिलेल्या आव्हानामुळे मराठी बालनाट्याची विषयकक्षा विस्तारली, हा त्या वादाचा खरा लाभ आहे.

याच सुमारास मुलांच्या नाटकाला शासकीय आणि स्पर्धात्मक व्यवस्थेचा आधार मिळत गेला. महाराष्ट्र शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयातर्फे हौशी नाट्यस्पर्धेबरोबर बालनाट्य स्पर्धाही घेतली जाते. तिची प्राथमिक फेरी राज्यातील निरनिराळ्या केंद्रांवर होते आणि निवडक नाटके अंतिम फेरीत जातात. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि कोकणातील अनेक मुलांना पूर्ण प्रकाशयोजनेसह नाट्यगृहात उभे राहण्याची पहिली संधी या स्पर्धेने दिली. स्पर्धेची एक मर्यादाही आहे. परीक्षकांवर प्रभाव पाडण्याच्या हेतूने लिहिलेल्या संहितांत पर्यावरण, मोबाइल, व्यसनमुक्ती अशा विषयांवर प्रौढांनी मुलांच्या तोंडी घातलेली भाषणे येतात आणि मूल पुन्हा मोठ्यांच्या मताचे वाहक बनते. एक शतकापूर्वी नाटक मंडळ्यांत जे घडत होते, त्याचीच ही सौम्य आवृत्ती आहे, याचे भान शिक्षक-दिग्दर्शकांनी ठेवायला हवे.

नाट्यशिबिरांनी या दोषावर काही अंशी उतारा शोधला. नाट्यशिबिर म्हणजे सुट्टीत काही दिवस चालणारे, खेळ, मूकाभिनय, आवाजाची साधना आणि सुचेल तसे संवाद बोलण्याचा सराव यांतून मुलांना घडवणारे वर्ग. पुण्यात प्रकाश पारखी यांच्या ‘नाट्यसंस्कार कला अकादमी’ने या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले, मुंबईत बालमोहन विद्यामंदिरात विद्या पटवर्धन यांनी शाळेच्या अंगणातच मुलांची नाटके रुजवली. मुलांमधून नाटक उभे करण्याची ही पद्धत प्रयोगापेक्षा प्रक्रियेला महत्त्व देते. एखाद्या बुजऱ्या मुलाने गटासमोर मोठ्याने एक वाक्य बोलावे, हे तिच्या दृष्टीने पारितोषिकाइतकेच मोठे यश असते.

ज्या मुलांना समाजाने रंगमंचापासूनच नव्हे, तर सार्वजनिक जीवनापासूनही दूर ठेवले होते, त्यांच्यापर्यंत नाटक नेण्याचे काम हा या इतिहासाचा सर्वात मोलाचा भाग आहे. कांचन सोनटक्के यांच्या ‘नाट्यशाला’ या संस्थेने अंध, कर्णबधिर आणि अन्य दिव्यांग मुलांबरोबर नाटके करून त्यांच्या व्यंगापेक्षा त्यांच्या अभिव्यक्तीकडे प्रेक्षकांचे लक्ष वेधले. कर्णबधिर मुलांना तालाची जाण स्पर्शाने व नजरेने देणे, अंध मुलांना रंगमंचावरील दिशा पावलांच्या मोजणीने शिकवणे, अशा कामासाठी लागणारा धीर कोणत्याही अनुदानाने विकत मिळत नाही. रत्नाकर मतकरी यांनीही उतारवयात ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ ही कल्पना मांडून समता विचार प्रसारक संस्थेच्या साहाय्याने झोपडवस्त्यांतील मुलांना स्वतःच्या जगण्यावर स्वतः नाटक रचण्यास उद्युक्त केले. पाण्याच्या रांगा, सुटलेली शाळा, वस्तीतले व्यसन हे विषय तेथे बाहेरून दिलेले नसतात. ते मुलांच्या रोजच्या अनुभवातून येतात आणि वस्तीतल्या मोठ्यांना ते समोर बसून पाहावे लागतात. १९५९ मध्ये मुलाला प्रेक्षक म्हणून मान मिळाला होता. येथे त्याला रचनाकार म्हणून मान मिळाला.

या वाटचालीच्या काळात भोवतालचा समाज मात्र झपाट्याने बदलत होता. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि ‘किलबिल’सारख्या कार्यक्रमांनी मुलांचे मनोरंजन घरात आणले. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील जीवन विस्कटले. गिरगाव, लालबाग, परळ, दादर येथील मराठी कुटुंबे ठाणे, डोंबिवली, कल्याण, बोरिवलीकडे सरकली आणि चाळींच्या आधाराने चालणारे सांस्कृतिक व्यवहार क्षीण झाले. ठाण्याचे राम गणेश गडकरी रंगायतन १९७८ मध्ये उभे राहिले होते आणि उपनगरांत पुढे आणखी नाट्यगृहे झाली, त्यामुळे बालनाट्यही प्रेक्षकांमागे तिकडे गेले. पण नव्या इमारतींत चाळीचा सामाईक चौक नव्हता आणि तालमीला मोफत जागा मिळणे दुरापास्त झाले. इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे वळलेल्या पालकांमुळे मराठी संवाद सहज समजणारा बालप्रेक्षकही काहीसा आटला. एकेकाळी बालनाट्याची मुख्य आश्रयदाती असलेली मराठी शाळा स्वतःच अस्तित्वासाठी झगडू लागली, ही या क्षेत्राला बसलेली सर्वात मोठी झळ होय.

असे असूनही बालनाट्याची ओढ संपलेली नाही, हे अलीकडच्या काळाने दाखवून दिले आहे. २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अलबत्या गलबत्या’ नव्याने रंगभूमीवर आले, वैभव मांगले यांनी चिंची चेटकीण साकारली आणि नाट्यगृहे मुलांनी तुडुंब भरली. ज्यांनी लहानपणी पहिली चिंची पाहिली होती, ते आपल्या नातवंडांना घेऊन आले. त्याच वर्षी मतकरींना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. सुधा करमरकर यांचे फेब्रुवारी २०१८ मध्ये आणि मतकरींचे मे २०२० मध्ये निधन झाले; त्यांनी एकत्र सुरू केलेल्या वाटेवर साठ वर्षांनंतरही मुले चालत आहेत, याहून मोठी पावती कोणत्याही रंगकर्मीला मिळू शकत नाही. परंतु एका जुन्या नाटकाचे यश म्हणजे संपूर्ण क्षेत्राचे स्वास्थ्य नव्हे. नवे बालनाट्य लिहिणारे लेखक थोडे आहेत, मुलांच्या नाटकाची समीक्षा वृत्तपत्रांतून क्वचित येते, आणि बहुतेक संस्था एखाद्या व्यक्तीच्या उमेदीवर उभ्या राहून त्या व्यक्तीबरोबर मावळतात.

इतिहासाचा दाखला असा आहे की, बालरंगभूमी जेथे शाळा, वस्ती आणि नाट्यगृह या तिन्हींचा आधार मिळाला तेथे बहरली आणि यांतला एकही आधार निखळला तेथे दुबळी झाली. गावात वाचनालय, क्रीडांगण आणि दवाखाना असावा याबद्दल आज दुमत नाही. त्याच न्यायाने प्रत्येक नगरपालिकेने आपल्या नाट्यगृहातील आठवड्याची एक सकाळ नाममात्र भाड्याने मुलांच्या नाटकासाठी राखून ठेवावी, प्रत्येक शाळेने संध्याकाळी एक वर्ग तालमीसाठी उघडा ठेवावा आणि नाटक शिकवणाऱ्या शिक्षकाच्या वेळेला कामाचा दर्जा द्यावा. यांपैकी कोणतीही गोष्ट फार खर्चाची नाही. दामुअण्णा जोशींच्या मंडळीपासून ठाण्याच्या झोपडवस्तीतील मुलांपर्यंत मराठी मुलांनी आपली पात्रता वारंवार सिद्ध केली आहे. त्यांना रंगमंच उपलब्ध करून देण्याची जबाबदारी आता मोठ्यांची आहे.